अर्धी कापलेली कॉइल

अमळनेरला तेलाच्या गिरणीमागे जी गल्ली आहे, तिथे विजेबद्दल शेवटचा शब्द वच्छलाअक्काचा असायचा. अक्का शाळेत गेली ती दुसरीपर्यंत, तेही मास्तरणीकडे दूध पोचवायच्या निमित्ताने. पण तिचा रुपचंद दीपनगरला लागला होता, भुसावळजवळ, जिथे वीज तयार होते तिथे. तो तिथे राखेच्या पट्ट्यावर हेल्पर आहे, हे अक्काने गल्लीत सांगितलं नव्हतं. खोटंही सांगितलं नव्हतं. “मना पोऱ्या वीजना कारखानामा शे,” एवढंच म्हणायची आणि पुढचं गल्लीने आपापल्या मनाने लावून घ्यायचं.

दीपनगरच्या वसाहतीत बायका विजेच्या शेगडीवर रांधतात हे बघून रुपचंदने आईलाही एक आणून दिली. पांढरी भाजलेल्या मातीची ताटली, तिच्यात नागमोडी खाच, खाचेत स्प्रिंगसारखी गुंडाळलेली तार. तिला कॉइल म्हणायचं. रॉकेलच्या रांगेत उभं राहून भांडणं करायची अक्काची सवय त्या दिवशी सुटली. भांडणं सुटली नाहीत, रांग सुटली.

थोड्या महिन्यांनी कॉइल एका जागी तुटली. अक्काने पकडीने दोन्ही टोकं एकमेकांत अडकवली आणि बटण दाबलं. शेगडी पहिल्यापेक्षा लाल झाली. चहा पहिल्यापेक्षा लवकर उकळला. अक्का बघत राहिली. मग तिच्या डोक्यात जो प्रकाश पडला तो असा : कंदिलाची वात जेवढी मोठी करावी तेवढं तेल जळतं. तार म्हणजे विजेची वात. वात कमी केली तर वीज कमी लागणार, आणि वर चहा लवकर होतो, म्हणजे दोन्हीकडून फायदा. एवढी सोपी गोष्ट त्या दीपनगरच्या साहेबलोकांना कशी सुचली नाही, याचं तिला नवल वाटलं. तिने पकड घेऊन चांगली अर्धी कॉइल कापून टाकली आणि उरलेली ताणून ताणून खाचेत बसवली. शेगडी अशी पेटली की भिंतीवर लाल उजेड पडला.

झालं. बातमी गल्लीभर गेली. दोन दिवसांत शेजारची ताईबाई आपली शेगडी पदराखाली झाकून घेऊन आली.

“अक्का, मनी शेगडी तुनासारखी लाल व्हत नही वं. जराशी कापी दे ना.”

“आन आठे. तुना घरना मानूस काय, नुसता पेपर वाचस. त्याले काय समजस?”

अशी गल्लीतली निम्मी घरं अक्काच्या पकडीखालून गेली. ती एक पैसा घेत नसे. मान घ्यायची.

त्या वेळेला रुपचंदचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. सून धुळ्याची, रत्नप्रभा. तिचा बाप गिरधर, मोटार रिवायंडिंगचं दुकान चालवणारा. म्हणजे जळालेल्या पंपात नवी तार भरून देणारा माणूस. मुलगा नव्हता, म्हणून शाळा सुटली की रत्नाच दुकानात बसायची. बारावी सायन्स केलेली. बोलायला हळू, कामाला चटपटीत, आणि नेमकं हेच अक्काला खुपायचं. आळशी सून असती तर अक्का सुखी झाली असती.

कॉइल कापल्यापासून घरातला फ्यूज उडायला लागला. आज उडाला, परवा उडाला. पुढे तर भाकरीचं पाणी तापायच्या आत अंधार. एकदा चार बाया ओट्यावर बसलेल्या असताना उडाला, तेव्हा रत्ना बाहेर येऊन म्हणाली, “अक्का, शेगडीमुळे होतंय. तार कापली की वीज कमी नाही लागत, जास्त ओढली जाते.”

अक्का हसली. ते हसणं गल्लीला ओळखीचं होतं.

“तार कमी आन वीज जास्त? अर्धी भाकर खाई आन पोट दुप्पट भरी, आसं शे का तुमना धुयामा?”

बाया हसल्या. रत्नाचे कान लाल झाले, पण ती उठून आत गेली नाही. तिने कोळशाचा तुकडा घेतला आणि ओट्याच्या फरशीवर लिहायला बसली.

“आपल्याकडे दोनशे वीस व्होल्ट येतात. नवी कॉइल पाच अँपिअर घेते, मी दुकानात कितीदा मोजलंय. दोनशे वीसला पाचाने भागा, चव्वेचाळीस. हा तिचा रोध, म्हणजे ती विजेला किती अडवते ते. त्याचं माप ओहम. आता कॉइल अर्धी कापली, तर अडवणंही अर्धं झालं, बावीस. दोनशे वीसला बावीसने भागा, दहा येतात. म्हणजे पाचाचे दहा अँपिअर झाले. आणि व्होल्टला अँपिअरने गुणलं की वॅट. आधी अकराशे होते, आता बावीसशे. आपल्या घरातली वायर पाचाची आहे, अक्का. ती दहा कुठून सोसणार?”

अक्काला त्यातलं अक्षर कळलं नाही. पण ताईबाई वाकून त्या आकड्यांकडे बघायला लागली आहे, हे कळलं. तिने उठून पाय पुढे केला आणि टाचेने ते सगळं पुसून टाकलं. चव्वेचाळीस, बावीस, दहा, सगळं. लिहिलेल्यावर पाय दिला म्हणून एका बाईने तोंडाशी हात नेला.

“झाया तुना पाढा? ऊठ आते, पीठ मळ. बापनी आठे सून धाडी का मास्तर?”

रत्ना उठली. बोटाला कोळसा होता तो तिने पदराला न पुसता मोरीत जाऊन धुतला. अक्काने ते पाहिलं.

आता फ्यूज उडायचा थांबला पाहिजे होता, नाहीतर गल्ली काय म्हणेल. अक्काने अडगळीतून जुन्या पंपाच्या केबलचा तुकडा काढला, त्यातली तांब्याची जाड तार सोलली, पिळली आणि फ्यूजच्या कटआउटमध्ये, म्हणजे त्या चिनी मातीच्या खोबणीत, घालून दिली. त्यानंतर फ्यूज एकदाही उडाला नाही.

“देख,” अक्का म्हणाली, “गया ना तुना भागाकार?”

रत्ना म्हणाली, “अक्का, फ्यूज कमजोरच असावा लागतो. तो जळतो म्हणून घर वाचतं.”

“मना घरमा कमजोर काही चालस नही,” अक्का म्हणाली, आणि हे वाक्य तिला इतकं आवडलं की तिने ते गल्लीत दारोदार सांगितलं, आणि सांगता सांगता तिथल्या फ्यूजमध्येही जाड तार घालून दिली.

श्रावण आला. त्या साली भाऊबंदांची कानबाई देवी अक्काच्या घरी बसायची होती. नागपंचमीनंतरच्या रविवारी सगळं कूळ एका घरी जमतं, कानबाई मांडतात, नैवेद्याच्या रोटांचा स्वयंपाक होतो, तो कुळाबाहेर कोणाला देत नाहीत, आणि सोमवारी कानबाईला वाजतगाजत नदीवर नेतात. ज्या घरी कानबाई, त्या घरच्या बाईचा मान त्या दिवशी सगळ्यात मोठा. अक्काने घर सारवून, रंगवून काढलं. कानबाईवर लाल चांदवा बांधला. बल्बांची तोरणं सोडली. रोट चुलीवरच होणार होते, पण येणाऱ्या-जाणाऱ्यांचा चहा सकाळपासून शेगडीवर अखंड चालू होता. एक पातेलं उतरलं की दुसरं.

रविवारी दिवेलागणीला घर माणसांनी भरलेलं. गाणी चालू झाली होती. तेवढ्यात कानबाईच्या वरच्या लाकडी पट्टीतून, जिच्यातून वायर गेली होती, करपट वास आला. मग धूर. मग पट्टी तडतडली आणि जळता तुकडा सरळ चांदव्यावर पडला.

बाया ओरडल्या. पुरुष दाराकडे धावले, कोणी आत, कोणी बाहेर, नुसती रेटारेटी. एकटी रत्ना कानबाईकडे धावली. पेटलेला चांदवा तिने दोन्ही हातांनी ओढून खाली घेतला, अंगणात फेकला आणि येऊन मेन स्विच पाडला. सगळं अंधारात गेलं. कोणीतरी कंदील आणला तेव्हा कानबाई जिथल्या तिथे होती, हळदीकुंकवासह. रत्नाचा उजवा तळवा भाजला होता.

भाऊबंदांत वडीलधारे भटू आबा. त्यांच्या शब्दापुढे कोणी जात नसे. ते म्हणाले, “आजपावत कानबाईना चांदवा कधी उतरना नही. आसं का झायं? काय चालू व्हतं घरमा?”

शेगडी अजून तापलेली होती, अक्काच्या पायापासून हातभर अंतरावर. भर कुळासमोर, आपल्या मानाच्या दिवशी. तिच्या तोंडातून निघून गेलं :

“सूनबाई इस्त्री फिराई राहिंती मांगला घरमा. मी सांगं व्हतं, नको म्हनीसन.”

इस्त्री ट्रंकेत होती. ट्रंकेवर गाद्या होत्या. गाद्यांवर पाहुण्यांची लेकरं झोपली होती. हे अक्काला माहीत होतं आणि रत्नालाही माहीत होतं. रत्नाने अक्काकडे पाहिलं. हात पाण्यात बुडवून बसली होती, ती तशीच बसून राहिली.

आबांनी रत्नाकडे बोट केलं. “इना हातखाल चांदवा उतरना. इना बापले बलावा. वरीसभर माहेर राहू द्या तिले. पुढली कानबाईले देखूत.”

रुपचंद पाळीवर दीपनगरला. विचारायला तो इथे नव्हता, आणि असता तरी आबांपुढे तो काय बोलणार होता?

सोमवारी कानबाई नदीवर पोचवून माणसं परत येईतो गिरधर धुळ्याच्या गाडीने आला होता. निरोप मिळाला तसा कामावरून उठून आलेला. हातांना व्हार्निशचे डाग, खांद्याला हत्यारांची पिशवी. कुळाबाहेरचा म्हणून त्याला रोट देता येत नव्हते. तो ओट्यावर चहा पिऊन बसला. पोरीचा बांधलेला हात त्याने बघितला, आणि त्याबद्दल काही विचारलं नाही. म्हणाला, “आबा, जाण्याआधी वायरिंग बघून घेतो. अंधारात कसं ठेवू घर?”

स्टुलावर चढून त्याने कटआउट ओढलं. आतली जाड तांब्याची तार बघून तो थांबला. ती त्याने सोडवून तळहातावर घेतली. मग खाली उतरून शेगडीपाशी बसला. ताणलेल्या कॉइलवरून बोट फिरवलं. पिशवीतून नवी वायर काढून त्याने शेगडी सरळ मीटरजवळ जोडली, वायरीचे दोन पदर विलग केले आणि एकाला टाँगटेस्टरचा, वीज मोजायच्या यंत्राचा, चिमटा लावला. काट्याकडे बघत तो सवयीने म्हणाला, जसं दुकानात म्हणत असेल तसं, “व्होल्ट दोनशे वीस. अँपिअर दहा. किती गं पोरी?”

“बावीस ओहम,” रत्ना आतून म्हणाली. “बावीसशे वॅट.”

तेच आकडे. अक्काने टाचेने पुसलेले. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती, आणि दहा म्हणजे काय हे तिला अजूनही कळत नव्हतं. पण तो काटा कोणाच्या बाजूने उभा राहिला ते कळलं. मीटरमधलं चाक, लाल खूण असलेलं, असं फिरत होतं की खूण दिसेनाशी झाली होती. गिरधरने शेगडी बंद केली, तेव्हा चाक थांबलं. थांबलेल्या चाकाकडे अक्काखेरीज कोणी बघत नव्हतं.

आबा म्हणाले, “काय निंघनं मंग? इस्त्रीच ना?”

गिरधरने जाड तार मुठीत घेतली. मूठ खिशात गेली. रिकामी बाहेर आली.

“वायर जुनी होती, आबा.”

“जुनी तं मना बापना येळनी शे. मंग कालच कशी जळनी?”

“जळते कधीतरी,” गिरधर म्हणाला. “पोरीला नेतो मी.”

आता बोलायची वेळ अक्काची होती. ओट्यावर सगळे होते. तिने तोंड उघडलंही. पण निघालं ते एवढंच : “चहा ठेवू का अजून?”

निघताना गिरधर मधल्या घरात आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, “अक्का, साधी फ्यूजवायर घालून दिलीय. जाड घालू नका. कॉइल पूर्ण लांबीची आणा. ती तार विजेला अडवते म्हणून घर नीट चालतं. आणि कोणी विचारलं तर वायर जुनी होती, एवढंच सांगा. पोरीला उद्या याच घरात नांदायचंय.” त्याने हे विनवल्यासारखं सांगितलं. रागावून सांगितलं असतं तर अक्काला उत्तर देता आलं असतं.

रत्ना पाया पडायला वाकली. भाजलेला हात मागे धरून, डाव्या हाताने. अक्काने पाय मागे घेतला. रत्नाला वाटलं असेल, पाया पडणंही नको झालंय. ती सरळ झाली आणि बापामागे चालू लागली.

घर रिकामं झालं. दुसऱ्या दिवशी ताईबाई शेगडी घेऊन आली.

“अक्का, मनी परत तुटनी. अजून जराशी कापी दे ना. फ्यूजनी तुनी तार बी अजून जाड करी देजो.”

“नही कापनार.”

“का वं? इस्त्रीवाली तं गयी. आते कसानी भीती?”

ताईबाई हे सहज म्हणाली. तिचा नातू तिच्या कडेवर होता, त्याच्या तोंडात बिस्किट होतं. त्या घरात सगळे खाली, भिंतीला लागून झोपतात. भिंतीवर तसलीच लाकडी पट्टी.

अक्काने शेगडी तिच्या हातून काढून घेतली. “ताई, इस्त्री नव्हती. शेगडी व्हती. मी कापेल.”

ताईबाईला आधी समजलं नाही. समजल्यावर ती हसली नाही, की रागावलीही नाही. नातवाला तिने दुसऱ्या कडेवर घेतलं, अक्कापासून लांबच्या, आणि म्हणाली, “मंग मना फ्यूजनी तार आते काढ. आते ना आते.”

अक्का त्या दिवशी घरोघर जाड तारा काढत गेली. प्रत्येक दारात तेच सांगायचं, प्रत्येक दारात तेच तोंड बघायचं. काही बाया बोलल्या. एक म्हणाली, “वीजना कारखानामा पोऱ्या शे ना तुना?” अक्काने मान खाली घालून कटआउट ओढलं.

दुसऱ्या दिवशी ती धुळ्याच्या एसटीत बसली. गिरधरच्या दुकानात रत्ना एका मोटारीशेजारी बसून डाव्या हाताने तार मोजत होती. तिने उठून पाणी दिलं.

“चाल,” अक्का म्हणाली. “बठ्ठी गल्लीले सांगं मी. शेगडीनं बी, इस्त्रीनं बी.”

रत्नाने रिकामा पेला उचलला. “गल्लीने मला घरातून काढलं नव्हतं, अक्का.”

“मंग?”

“आबांसमोर तुम्ही बोलला होता. त्यांच्यासमोर बोला. मग बघते.” आवाज चढला नव्हता. ती परत खाली बसली आणि कुठवर मोजलं होतं ते विसरलं म्हणून पहिल्यापासून तार मोजायला लागली. गिरधरने अक्कासाठी चहा सांगितला. तो पिऊन अक्का निघाली.

परत येऊन ती घरी गेलीच नाही. एसटी स्टँडवरून थेट आबांच्या दारी. ओट्यावर आबा, त्यांचे दोघे मुलगे, आणखी भाऊबंद. नात्याने थोरले दीर म्हणून आबांसमोर अक्का आजवर कधी ओट्यावर बसली नव्हती. त्यांच्याशी बोलायची तेही पदर पुढे ओढून. आज ती ओट्याची पायरी चढली आणि पुरुषांच्या समोर खाली बसली.

“घरमा जाय ना,” आबा म्हणाले, “बाया तठे शेतस.”

“नही. आठेच बोलसू. बठ्ठासना समोर.” पदर पुढे ओढायला हात गेला, तो तिने मांडीखाली दाबून धरला. “इस्त्री ट्रंकमा व्हती, आबा. मीच खोटं सांगं. शेगडीनी तार मी कापी, फ्यूजमा जाड तार मी घाली. पोर सांगी सांगी थकनी. आग मनी, आन ती इझाडनारी बी घरनी बाहेर मनामुळेच.”

आबांचा धाकटा मुलगा हसू दाबायला खोकला. आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला, म्हणजे बायाही ऐकत होत्या.

“तवय का बोलनी नही?” आबांनी विचारलं.

“लाज वाटनी.”

“आन आते?”

“आते बी वाटस,” अक्का म्हणाली. “जास्त वाटस.”

आबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. अक्काला वाटलं, दोन शब्द हाणतील तर बरं होईल. त्यांनी हाणले नाहीत.

“तिले आनाले जाई उनू मी,” ती हळूच म्हणाली. “मनासंगे उनी नही ती. तुमी काढं तिले. तुमलेच जानं पडी.”

हे आबांना आजवर कोणी सांगितलं नव्हतं. ओट्यावरचे सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आबांनी टोपी झटकली, परत घातली, आणि अक्काला नव्हे, आपल्या थोरल्या मुलाला विचारलं, “सकायनी धुयानी गाडी कितीले शे रे?”

त्याने काहीतरी सांगितलं. अक्काला ते ऐकू आलं नाही. तिला कोणी ऊठ म्हणालं नाही, बस म्हणालं नाही. पाय बधिर झाले तरी ती तिथेच बसून राहिली, उघड्या चेहऱ्याने, पदर मागे पडलेला.